फक्कीच्या दोन रेघा

कर्णिकसाहेबांइतका घाबरट माणूस मी आमच्या धंद्यात दुसरा पाहिला नाही. मी स्वतः काही शूर नाही. कुणी आवाज चढवला की माझ्या घशाला कोरड पडते, आणि जमीन मोजायच्या धंद्यात हळू आवाजात कुणी बोलतच नाही. पण मी माझी भीती लपवत असे. साहेब ती डब्याबरोबर आणि छत्रीबरोबर रोज घरून घेऊन निघत आणि चारचौघांत उघडून बसत.

छत्री बाराही महिने हातात. उन्हासाठी नाही, पावसासाठी नाही, कुत्र्यांसाठी. कठडा नसलेल्या विहिरीजवळून जाताना ते चार पावलं लांबून जात. आभाळ जरा गडगडलं की यंत्राची तिपाई मिटायला लावत. एसटीत दाराजवळचीच सीट धरत, "वेळ आली तर उतरता येतं" म्हणून. शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, अंगकाठी बारीक, आणि हाताचे तळवे कायम घामेजलेले. नकाशाला, टेपला, दाराच्या कडीला, कशालाही हात लावायच्या आधी ते दोन्ही तळवे पॅन्टला पुसत. त्या पुसण्यानं त्यांच्या सगळ्या पॅन्ट मांडीवर जरा फिक्या झाल्या होत्या. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, त्यावरून त्यांना टोचून बोलत आणि साहेब मान खाली घालून ऐकून घेत.

सरकारी मोजणी खात्यातून ते निवृत्त झालेले. राहायला रोह्याला, स्टेशनपासून जवळच दुसऱ्या मजल्यावर. माझं ऑफिस पेणला, एसटी स्टँडच्या मागे एका खोलीत. एक प्रिंटर, एक टोटल स्टेशन, म्हणजे ते तिपाईवरचं मोजणीचं यंत्र, आणि कर्ज. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते स्वतःहून माझ्याकडे आले. म्हणाले, "घरी बसून भीती वाढते. तुझ्याबरोबर फिरू का?"

पहिल्यांदा मोजणीला बाहेर पडल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हात्रे, मोजणीला जाताना तुला भीती वाटते का?"

मी अर्थातच नाही म्हणालो.

"मग अवघड आहे," साहेब म्हणाले. "मला वाटते, म्हणून मी पुन्हा मोजतो. तुला वाटत नसेल तर तुझ्यामागून कोण मोजणार?"

त्यानंतर बारा वर्षं आम्ही बरोबर फिरलो.

त्यांची काम करायची पद्धत मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही आणि दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. मोजणीच्या आदल्या दिवशी ते यंत्राशिवाय जात. पिशवीत फक्त फक्कीच्या दोन पुड्या, म्हणजे शाळेच्या मैदानावर रेघा मारायला वापरतात ती चुन्याची पांढरी पूड. भांडणाऱ्या दोघांना बोलवायचं. एकाच्या हातात एक पुडी द्यायची आणि म्हणायचं, "तुझी हद्द कुठून जाते तिथं रेघ ओढ." तो ओढत असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मग दुसऱ्याच्या हातात दुसरी पुडी. "आता तू ओढ."

रोह्याच्या पलीकडे दोन चुलतभाऊ होते. एकमेकांशी बोलणं बंद, एकमेकांच्या लग्नाकार्याला जाणं बंद. एकाच्या कमरेला कोयता लटकत होता. शेतावर आलेल्या माणसाच्या कमरेला कोयता असतोच हे मला माहीत होतं, तरी माझी नजर त्याच्यावरून हटत नव्हती. "ह्यानं माजं अर्धं शेत गिळलंय सायब," दोघंही म्हणत होते. दोघांनी रेघा ओढल्या. ओढून झाल्यावर साहेब त्या दोन रेघांच्या मधे वाकले, वीत लावली आणि म्हणाले, "अडीच वीत. तुमचं भांडण अडीच वीत रुंद आहे. उद्या आम्ही एवढंच मोजणार. बाकीचं शेत तुमचं तुम्हाला मान्यच आहे."

कोयतेवाला खाली बघत राहिला. अर्ध्या शेतासाठी इतकी वर्षं तो झोपला नव्हता आणि ते अर्धं शेत अडीच वीत निघालं. थोड्या वेळानं दुसरा म्हणाला, "मंग तवा पोरीच्या लग्नाला का नाय बोलावलं?" साहेबांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. त्यांचं ठरलेलं म्हणणं होतं, "भांडण बांधात नसतं म्हात्रे, मागच्या कुठल्यातरी लग्नात असतं."

हे सगळं चालू असताना ते स्वतः कुठं उभे होते? माझ्या मागे. यंत्र असलं की यंत्राच्या मागे. तिपाई त्यांच्या आणि लोकांच्या मधे हवीच. कुणालाही पाठ दाखवून उभं राहायचं नाही. दोन्ही घरांपैकी एकाही घरचा चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा नाही. "एकाचा घेतला की दुसरा मोजतो," म्हणत. डबा घरचा, पाण्याची बाटली घरची, आणि चहा परतीच्या वाटेवर कोलाडच्या नाक्यावर.

बांधकामवाल्यांनाही ते असेच छळत. पेणमध्ये एका बिल्डरला गणपतीच्या एका कारखान्याला लागून पाया खणायचा होता. कारखान्याचे मालक परशुरामशेठ. आत फळ्यांवर बिनरंगाच्या शेकडो मूर्ती, आणि शेजारी जेसीबी येणार म्हणून शेठच्या तोंडचं पाणी पळालेलं. साहेबांनी खणायच्या आधी शेठला आणि बिल्डरच्या इंजिनिअरला घेऊन ती कारखान्याची भिंत टोकापासून टोकापर्यंत पाहिली आणि खडूनं एकेका भेगेला नंबर घातला.

"अहो, माझ्या भिंतीची अब्रू कशाला काढताय?" शेठ वैतागले.

"तुमच्या भिंतीला सतरा भेगा आहेत," साहेब म्हणाले. "दोघं सही करा."

चार महिन्यांनी शेठ हातवारे करत माझ्या ऑफिसात. भिंत फाटली, मूर्ती पडणार, बिल्डर बुडवणार. साहेबांनी छत्री उचलली. आम्ही जाऊन मोजलं. अठरा. बिल्डरच्या इंजिनिअरनं हुज्जत न घालता गवंडी पाठवला, अठरावी भेग भरून घेतली आणि विषय संपला. शेठ पुढे प्रत्येकाला सांगत, "तो माणूस भांडण व्हायच्या आधी त्याचा पंचनामा करतो." साहेबांना हे कौतुक कळवलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "काचेच्या पट्ट्या लावल्यात ना भेगांवर? वाढल्या तर तडकतील. बघत राहा."

इतकी भीती कुठून आली हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, कोलाडला, चहा निवून जाईपर्यंत. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. दोन भावांची मोजणी. शेवटची बस चुकेल म्हणून घाईत टेप गुंडाळला, हद्दीचा दगड सैल रोवला आणि निघाले. दगड रात्रीतून एका भावानं सरकवला की आपोआप कलंडला, कुणाला कळलं नाही. सकाळी मारामारी झाली आणि धाकट्याचा डोळा गेला. "मला बस मिळाली होती," साहेब म्हणाले. तेवढंच. मग तळवे पॅन्टला पुसले आणि थंड चहा एका घोटात पिऊन टाकला.

तेव्हापासून त्यांचा नियम होता: एका दगडावर भरवसा ठेवायचा नाही. जुन्या खुणेचे तीन दगड शोधायचे, तिन्हीवरून मोजायचं, तिन्ही जुळले तरच बोलायचं. मी कंटाळायचो. दोनावर भागत असताना तिसरा शोधत आम्ही दुपारी उन्हातान्हात झाडीत फिरायचो. त्यांनी हा नियम जन्मात एकदा मोडला होता, आणि ते कळायला वीस वर्षं लागली.

कोलाडच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, मला तिथं अजून जायचं असतं. तिथल्या जनार्दननं मला मोजणीसाठी बोलावलं. जनार्दन साठीचा, तोंडाचा फटकळ, आणि गावात त्याला कुणी विचारत नसे. वीस वर्षांपूर्वी त्याची आणि शेजाऱ्याची मोजणी झाली होती. जनार्दन तेव्हापासून सांगत होता की मोजणी चुकली, माझी जमीन तिकडं गेली. अख्खं गाव त्याला खोटारडा म्हणत होतं. शेजारी मरून गेला, आता तिथं त्याची बायको लीलाबाई आणि तिचा रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जाणारा मुलगा. त्यांनी त्या हद्दीला धरून पक्कं घर बांधलं होतं. स्लॅब पडला होता, स्वयंपाकघराच्या फरश्या बसायच्या राहिल्या होत्या.

वीस वर्षांपूर्वीची ती मोजणी कर्णिकसाहेबांची होती. हे मला कागद पाहिल्यावर कळलं आणि मी निर्धास्त झालो. साहेबांची मोजणी म्हणजे प्रश्नच नाही.

साहेब त्या आठवड्यात तापानं झोपून होते, म्हणून मी एकटाच गेलो. नव्या यंत्रानं लांबच्या तीन पक्क्या खुणांवरून मोजलं आणि जुन्या मोजणीशी फरक काढला. साडेआठ फूट. पुन्हा लावलं. साडेआठ फूट. जनार्दनची हद्द लीलाबाईच्या स्वयंपाकघरातून जात होती, ओट्याच्या अलीकडून.

मी जनार्दनला सांगितलं की आकडेमोड ऑफिसात करून कळवतो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. "तुमी काय सांगू नका सायब," तो म्हणाला. "तुमचं थोबाडच सांगतंय. आयतवारी सकाळी मी नि माजी पोरं पहारी घेऊन येतो. भिंत पाडतो. मंग पोलीस आणा नायतर आणखी कुणाला."

तो गुरुवार होता. रविवार तीन दिवसांवर. मी पेणला न जाता थेट रोह्याला गेलो. एवढ्या वर्षांच्या ओळखीत मी साहेबांना चूक दाखवायला कधी गेलो नव्हतो.

साहेब शाल पांघरून बसले होते. मी आकडा सांगितला. वहिनींनी पाणी आणलं ते तसंच राहिलं. मी म्हणालो, "साहेब, माझं यंत्र चुकलं असेल. मी तसं लिहून देतो. पुन्हा सरकारी मोजणी लागेल, वर्ष-दोन वर्षं जातील, तोवर जनार्दनही थंड होईल."

"तुझं यंत्र चुकलेलं नाही," साहेब म्हणाले. "भीती वाटली की खोटं बोलणं सोपं जातं, म्हणून तर मी भीती वाटली की मोजायला घेतो. मी तेव्हा कशावरून मोजलं होतं माहीत आहे? तिथल्या देवावरून."

तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथं एक जुना दगड होता. गावानं त्याला कधीकाळी शेंदूर फासला आणि तो शिवेचा देव झाला. आमच्याकडे हे सगळीकडे आहे. मोजणीवाल्यांना त्याचा आनंदच होतो, कारण देव कुणी सरकवत नाही. त्या गावातले बाकीचे दोन जुने दगड सापडले नव्हते, एक ओढ्यानं नेला होता, एक हायवेखाली गेला होता. साहेबांनी आणखी लांबचे दगड शोधलेच नाहीत. "मी नारळ ठेवला, पाया पडलो आणि मोजणीची साखळी लावली," ते म्हणाले. "देवावर संशय घ्यायचा धीर झाला नाही मला. त्याचीसुद्धा भीतीच वाटली."

शनिवारी अंगात कणकण असताना ते माझ्याबरोबर त्या गावात आले. देव एका चौथऱ्यावर होता, वर पत्र्याची छपरी, समोर पायरी. धोंडू गुरव झाडत होता. साहेबांनी पाया पडून विचारलं, "देव आधीपासून इथंच आहे का हो?"

"नाय ओ," धोंडू झाडता झाडता म्हणाला. "आधी तकडं व्हता, त्या चिंचंच्या मुळात. मातीचा रस्ता झाला तवा गाड्यांची धूळ बसायची त्याच्यावर. कौल लावला, देव व्हय बोलला, मंग वाजतगाजत आणून हितं बशिवला. माजा बाप व्हता तवा गुरव."

साहेबांचा आवाज चिरकला. "मग मी मोजायला आलो तेव्हा मला सांगितलं का नाही?"

धोंडूनं झाडू थांबवला. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "तुमी इचारलं कुठं सायब? तुमी आलात नि पाया पडलात."

चिंचेपासून चौथऱ्यापर्यंतचं अंतर मोजायला टेप लावला. साडेआठ फूट. टेपचं दुसरं टोक साहेबांच्या हातात होतं. त्यांनी मला आकडा पुन्हा वाचायला लावला.

रविवारी सकाळी आठला आम्ही पोचलो तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. जनार्दन आणि त्याचे दोन मुलगे, तिघांच्या हातात पहारी. दारात लीलाबाई पदर खोचून उभी, तिचा मुलगा रात्रीची शिफ्ट करून आलेला, लाल डोळ्यांचा, हातात फावड्याचा दांडा. मला पळून जावंसं वाटत होतं, हे मी आता कबूल करतो. मी गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलं होतं. सवयीनं मी यंत्राची तिपाई काढायला गेलो तर साहेब म्हणाले, "राहू दे. आज मधे काही नको."

पिशवीतून त्यांनी फक्कीच्या दोन पुड्या काढल्या. एक जनार्दनला दिली. "तुझी रेघ ओढ."

जनार्दननं पहार मुलाकडे दिली. परसातून त्यानं रेघ सुरू केली, वीस वर्षं रोज मनात ओढलेली असणार, जराही न थांबता. लीलाबाईच्या भिंतीशी आला, वळसा घालून आत शिरला, फरशी नसलेल्या जमिनीवरून ओट्याच्या अलीकडून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, बाहेर येऊन रस्त्यापर्यंत रेघ नेली. लीलाबाई ओरडत होती. मुलगा दोन पावलं पुढे आला.

दुसरी पुडी साहेब लीलाबाईला देतील असं मला वाटलं. ती त्यांनी स्वतःच फोडली. बारा वर्षांत मी त्यांना रेघ ओढताना पाहिलं नव्हतं. तळवे पॅन्टला पुसून ते वाकले आणि परसापासून निघाले. फक्की त्यांच्या हातातून एकसारखी पडत नव्हती, कुठं जास्त, कुठं कमी. पण ती जनार्दनच्या रेघेवरच पडत होती. भिंतीपर्यंत, आत, ओट्याच्या अलीकडून, बाहेर, रस्त्यापर्यंत. संपली तेव्हा दोन रेघांची एकच जाड रेघ झाली होती.

ते सरळ उभे राहिले, त्या सगळ्या पहारींच्या मधोमध, पाठीमागे कुणी नाही, पुढे यंत्र नाही.

"जनार्दन खरं बोलत होता," ते म्हणाले. "वीस वर्षं खरं बोलत होता. लीलाबाईंनी काही चोरलं नाही, त्यांच्या मालकांनीही नाही. मोजणी माझी होती. मी चुकलो. देव हलवलेला मला माहीत नव्हता आणि मी दुसरा दगड शोधला नाही."

मग जनार्दन म्हणाला, "परत बोला."

"मी चुकलो."

"जरा मोठ्यानं बोला सायब. मागच्यांना ऐकू आलं नाय."

साहेबांनी लोकांकडे तोंड केलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं. एवढा मोठा आवाज त्यांच्या छातीत असेल असं मला वाटलं नव्हतं. मागे उभे असलेले दोन म्हातारे, जे जनार्दनला सर्वांत जास्त हसत, ते जमिनीकडे बघू लागले. जनार्दन तिथंच पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मंग माजं घर?" लीलाबाई म्हणाली. जनार्दनला नाही, साहेबांना. "तुमच्या भरवशावर बांदलं ना मी? आता काय करू, सांगा की!"

साहेब हात जोडून तिच्यासमोर उभे राहिले. तिनं तोंड फिरवलं आणि आत गेली. तिनं त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

जनार्दननं त्या दिवशी काही कबूल केलं नाही. पहारी मात्र घरी नेल्या. निघताना तो दाराकडे तोंड करून एवढंच म्हणाला, "भिंत नाय पाडत गो. मागच्या वाडीचं बघू." मागच्या बाजूची तेवढीच जमीन त्याला द्यायची आणि घर आहे तिथं राहू द्यायचं, याचे कागद व्हायला पुढचा अख्खा पावसाळा गेला. त्या कागदांच्या वेळी दोन्ही घरांत बोलणं सुरू झालं, तेही चांगलं नाही, कामापुरतं.

पण त्या रविवारी परत येताना आम्ही कोलाडला थांबलो. मला वाटत होतं, सुटलो. मी दोन वडापाव सांगितले. साहेबांनी खिशातली डायरी काढली आणि आठवून आठवून नावं लिहायला घेतली. मी विचारलं, काय लिहिताय.

"त्या देवावरून मी एकट्या जनार्दनची हद्द मोजली नव्हती," ते म्हणाले. "अजून अकरा घरं आहेत."

अकरा घरं म्हणजे अकरा वेळा तो रविवार. त्यातल्या कुणीही तक्रार केलेली नव्हती. कुणाला माहीतही नव्हतं. मी हे सगळं त्यांना बोलून दाखवलं.

"आज माहीत नाही," साहेब म्हणाले. "उद्या कुणीतरी तुझ्यासारखं यंत्र घेऊन येईल, आणि मी नसेन. मग ते एकमेकांना चोर म्हणतील. मला फार भीती वाटतेय म्हात्रे."

"मी येतो बरोबर."

"नको. तू आलास तर मी तुझ्या मागे उभा राहीन."

ते एकटेच जाऊ लागले. आठवड्याला एक घर, तब्येत बरी असेल तर. रोह्याहून बसनं, छत्री घेऊन. मला ते फारसं सांगत नसत, वहिनींकडून कळे. एका घरी त्यांना फाटकातूनच हाकललं. एका घरी कुत्रा सोडला, तेव्हा छत्री खरोखरच कामाला आली. एका घरचे म्हणाले, "एवढ्यासाठी एवढ्या लांब आलात?" आणि हसले, आणि लगोलग शेजाऱ्याला बोलावून समोरच मिटवून टाकलं. त्या दिवशी साहेबांनी म्हणे रात्री दोनदा भात घेतला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. मी महाडकडून पेणला परत येत होतो, गाडी त्या गावच्या थांब्यावर उभी राहिली. रस्त्याच्या पलीकडे एका घराच्या फाटकाशी साहेब उभे होते. छत्री काखेत. ओठ हलत होते, म्हणजे काय बोलायचं ते घोकत होते. त्यांनी हात कडीवर ठेवला, काढला, तळवा पॅन्टला पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मी खिडकीतून हाक मारणार होतो. मग मारली नाही. हाक मारली असती तर ते आनंदानं माझ्याकडे आले असते आणि मग त्या घरात गेले नसते. बस सुटली तेव्हा हात तिसऱ्यांदा कडीवर होता.

दहा दिवसांनी ते गेले, घरीच, दुपारी झोपेत. वहिनींनी ती डायरी माझ्याकडे दिली. नऊ नावांवर काट मारलेली होती. दहावं नाव त्या फाटकाचं, त्याच्यावर काट नव्हती.

म्हणून मी आधी तिथं गेलो. एका बाईनं दार उघडलं. मी विचारलं, कर्णिकसाहेब इथं आले होते का.

"आलते ना," ती म्हणाली. "लय येळ फाटकात उभं व्हते. मी आतून बघत व्हते. म्हटलं, येतील, येऊ दे सावकाश. आले, सगळं सांगितलं. चा ठेवला तर घेतला नाय."

मी तिथंच उभ्या उभ्या पेन काढून दहाव्या नावावर काट मारली. काट मारायचं ते विसरले असतील, किंवा घरी जाईपर्यंत अंगात त्राण उरलं नसेल.

अकरावं घर गावाच्या टोकाला आहे. फाटक निळं आहे. माणसं तापट आहेत असं सगळे सांगतात. डायरी माझ्या टेबलाच्या खणात किती महिने पडून होती ते लिहायची मला लाज वाटते. तीनदा मी त्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. एकदा कुत्रा भुंकला म्हणून, एकदा अंगणात बरीच माणसं होती म्हणून, आणि एकदा काहीच कारण नव्हतं म्हणून.

काल सकाळी चौथ्यांदा गेलो. यंत्र गाडीत ठेवलं. तळव्यांना घाम आला होता, ते पॅन्टला पुसले आणि कडी वाजवली.

"कोण हाय?" आतून एका पुरुषाचा आवाज आला, चढलेला.

घशाला कोरड पडली होती. तरी मी म्हणालो, "पेणहून आलोय. कर्णिकसाहेबांचं एक काम राहिलंय."